कंबर नाही, खुबा नाही, मधलंच काहीतरी दुखतंय. एसआय जॉइंट म्हणजे नेमकं कुठे?

टिपरू

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर कान धरा.

वय २७, मुक्काम पुणे, नोकरी खुर्चीतली. पावसाळा लागला की संध्याकाळी नदीपात्रात, कारण गेली ६ वर्षं ढोल पथकात आहे. दुखणं सुरू झालं गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर. उजव्या कुल्ल्याच्या वरच्या अंगाला, मणक्यापासून तीन बोटं बाहेर. मध्ये दोन महिने आपोआप गेलं आणि परत आलं ते डावीकडे! आता आलटून पालटून चालू असतं.

निदानांची आमच्याकडे टंचाई नाही. पथकातले म्हणतात, ढोलाचा पट्टा कंबरेला काचतो. ऑफिसातले म्हणतात, खुर्ची बदल. आई म्हणते उसण भरली आहे, आणि तिने वाईहून एक पायाळू मावशी बोलवायचं नक्की केलंय. जवळच्या डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढला, मणके छान आहेत म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. एका हाड बसवणाऱ्यांनी पाठीवर अंगठा दाबून सांगितलं, "तुमचा एसआय जॉइंट सरकलाय," आणि कडकन आवाज काढून तो 'बसवला'. तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी जैसे थे. असा तो आतापर्यंत चारदा बसवून झालाय. प्रत्येक वेळी पैसे वेगळे.

मला उपाय नंतर सांगा, आधी एवढंच सांगा की हा सांधा आहे कुठे, हलतो किती, आणि 'सरकतो' म्हणजे काय कशावरून सरकतं?

आणखी एक गोष्ट मला जुळत नाहीये. ढोल बांधून दोन तास वाजवलं की दुखणं पळतं. रविवारी दहापर्यंत लोळलो की मात्र उठताना भिंत धरावी लागते. पट्ट्यामुळे दुखत असतं तर उलटं व्हायला हवं ना?

खवचट_खारीक

मावशी येतील तेव्हा धाग्यावर वर्णन टाक. पायाळू माणसाने पाठीला लाथ लावली की उसण पळते असं आमची आजी म्हणायची. ती स्वतः पायाळू होती. गावभरच्या कमरा तिने मोकळ्या केल्या, तिची कंबर मात्र शेवटपर्यंत धरलेलीच राहिली, कारण स्वतःच्या पाठीला पाय पोचत नाही.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एसआय म्हणजे सॅक्रोइलियाक, पाठीच्या तळाचं हाड आणि नितंबाचं हाड यांच्यामधला सांधा. कुठे आहे ते आत्ता बसल्या जागी सापडेल.

दोन्ही हात कंबरेवर ठेव, भांडायला उभं राहिल्यासारखे. हाताखाली लागते ती नितंबाच्या हाडाची वरची कड. त्या कडेवरून अंगठे मागे, आत आणि खाली सरकव. पाठीच्या तळाशी दोन्हीकडे एकेक खळी पडते, तिथे एक बोंड लागेल. पुष्कळांना आरशातसुद्धा ती खळी दिसते. सांधा त्या बोंडाच्या पुढे, आत खोल असतो. बोटाने तो लागतच नाही, मध्ये जाड अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि स्नायू आहेत. 'मला तुमचा सांधा हाताला लागला' असं कोणी म्हणालं तर त्याला लागलं ते हे बोंड.

आता दुखतं ती जागा एकच बोट ठेवून दाखव. बोट जर खळीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला, साधारण एक सेंटिमीटरच्या आत पडलं आणि पुन्हा विचारलं तरी तिथेच पडलं, तर एसआय जॉइंटचा संशय वाढतो. मणक्यांमधल्या चकतीचं दुखणं असलेले पेशंट बहुतेकदा एक बोट ठेवत नाहीत, अख्खा तळहात कंबरेपासून पोटरीपर्यंत फिरवतात. हे काही अंतिम निदान नाही. आम्ही क्लिनिकमध्ये मांडी दाबून, पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दुमडून, नितंबाची हाडं दाबून आणि फाकवून अशा पाच-सहा चाचण्या करतो. एकटीदुकटीवर विसंबत नाही. त्यांपैकी तीन किंवा जास्त चाचण्यांत तुझं ओळखीचं दुखणं उमटलं तरच त्या सांध्याकडे बोट दाखवायचं.

तुझी ती रविवारची गोष्ट मात्र मला खटकली आहे. त्यावर इथले जाणकार बोलतीलच.

हाडांच्या_बाई

मी ३२ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. माझा सगळा व्यवहार मेलेल्या माणसांच्या हाडांशी, त्यामुळे औषध मला विचारू नका. पण 'काय कशावरून सरकतं' हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे.

घरी प्लॅस्टिकची एक कटी, म्हणजे पेल्व्हिस, आहे, निवृत्तीच्या वेळी मुलांनी दिलेली. नातू ती तोंडासमोर धरून हत्ती होतो. दोन्ही बाजूंचे पसरट कान म्हणजे नितंबाची हाडं, इलियम. आणि मध्ये कपाळावरून खाली निमुळती होत जाणारी, टोकाला आत वळलेली सोंड म्हणजे त्रिकास्थी, सेक्रम. लोक त्या सगळ्या भागाला माकडहाड म्हणतात. माकडहाड हे सोंडेच्या टोकाला लोंबणारं चिमुकलं हाड, घसरून आपटल्यावर आठवतं ते. त्रिकास्थी त्याच्या वर, आणि चांगली तळहाताएवढी.

ती एक दिसते पण मुळात पाच मणके आहेत. लहान मुलात सुटे असतात, १६-१८ च्या सुमाराला जुळायला लागतात आणि पंचविशी-तिशीपर्यंत एकजीव होतात. पुढची बाजू गुळगुळीत आणि खोलगट, तिच्यावर चार आडव्या रेघा राहतात, पाच मणके सांधल्याची शिवण. प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक भोक, म्हणजे आठ. पायाला आणि मूत्राशयाला जाणाऱ्या नसांच्या पुढच्या शाखा तिथून बाहेर पडतात. मागची बाजू खडबडीत, डोंगराच्या रांगेसारखी. व्हायव्हाला मुलं हे हाड पिंपळपानासारखं सरळ उभं धरायची. मी विचारायचे, "असं उभं असतं तर पाठीला बाक कुठून आला असता?" मग कोणीतरी ते पुढे कलवायचं. उभ्या माणसात त्रिकास्थीचा माथा आडव्या रेषेशी साधारण ४० अंशांनी पुढे उतरता असतो. त्या उतारावर कंबरेचा पाचवा मणका बसलेला. अख्ख्या धडाचं ओझं त्या घसरगुंडीवर!

आता सांधा. त्रिकास्थीच्या दोन्ही कडांना, वरच्या तीन मणक्यांच्या पातळीवर, कानाच्या पाळीच्या आकाराचा पट्टा असतो. तसाच नितंबाच्या हाडावर. कानाला कान लावला की सांधा झाला. लहानपणी हे दोन्ही पृष्ठभाग सपाट असतात. वयात आलं, वजन पडायला लागलं की त्यांवर उंचवटे आणि खळगे उमटतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात. जात्याचे टाकी लावलेले दोन दगड एकमेकांवर ठेवावेत तसं, फक्त इथे दळायचं नसून अडवायचं असतं. त्रिकास्थीच्या बाजूची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत अस्तर) जाड, इलियमच्या बाजूची पातळ. हे लक्षात ठेव, पुढे कामी येईल.

पुस्तकांत शिकवतात की त्रिकास्थी दोन हाडांत ठोकलेली पाचर आहे. वरून खाली पाहिलं तर खरं आहे, वर रुंद आणि खाली निमुळती. पण माझ्या हातातलं हाड आडवं करून पाहिलं की गोम कळते: ती पुढून रुंद आणि मागून अरुंद आहे. वरून भार आला की पाचर घट्ट बसण्याऐवजी पुढे पोटात घसरायला हवी! घसरत नाही, कारण सांध्याच्या मागच्या खडबडीत जागेतून आडवेतिडवे अस्थिबंध तिला धरून असतात. अंगातल्या सगळ्यांत दणकट बंधांमध्ये त्यांची गणना होते. म्हणजे ती पाचर कमी आणि वाड्यातला झोपाळा जास्त. फळी अधांतरी, भार कड्यांवर, आणि बसणारा जितका जड तितक्या कड्या ताठ. शिवाय इथल्या कड्या तिरप्या असल्यामुळे ताणल्या की दोन्हीकडच्या 'भिंती' आत ओढतात आणि फट आवळली जाते. शवविच्छेदनात हा सांधा उघडायचा म्हणजे मला नेहमी हॉलमधल्या धिप्पाड मदतनिसाला हाक मारावी लागायची. छिन्नी लागते. बत्तीस वर्षांत एकदाही तो आपण होऊन 'सरकलेला' सापडला नाही.

हलतो मात्र. स्वीडनमध्ये १९८९ साली एक मोजणी प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून वेगवेगळ्या स्थितींत दोन दिशांनी एक्स-रे काढले. सरासरी फिरणं अडीच अंशांच्या आसपास, सरकणं एक मिलिमीटरच्याही आत. त्रिकास्थी होकार दिल्यासारखी पुढे डुलते आणि परत येते, बस. १९९८ साली तिथल्याच लोकांनी याच पद्धतीने दहा रुग्णांचा सांधा हाताने 'बसवण्या'आधी आणि नंतर मोजला. हाड होतं तिथेच होतं. मजा पुढे आहे: बसवल्यानंतर तपासणाऱ्यांच्या हातांना मात्र सांधा जागेवर आल्यासारखा वाटला होता.

तेव्हा टिपरू, तुझा सांधा चारदा सरकला नाही आणि चारदा बसला नाही. कडकन वाजलं ते बहुधा कंबरेच्या छोट्या सांध्यांतल्या वायूमुळे. तीन दिवस बरं वाटलं हे खोटं नाही, आवळलेले स्नायू सैल पडले की वाटतंच. अपघातात, मोठा मार बसून कटीचं कडं फुटतं आणि हा सांधा खरंच उघडतो, पण तो माणूस ढोल बांधत नसतो, स्ट्रेचरवर असतो.

अवांतर: १९०५ च्या सुमाराला बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी कंबरदुखीचं खापर या सांध्यावर फोडायला सुरुवात केली आणि तीसेक वर्षं तो आरोपी नंबर एक होता. मग १९३४ साली बॉस्टनमधूनच मिक्स्टर आणि बार यांचा चकती सरकण्यावरचा लेख आला, आणि सगळी वरात चकतीच्या दारात गेली. दोन्ही वेळा अति झालं.

सातबारा

बाई, धागा भरकटवतोय, माफी. माझ्या एमआरआयमध्ये 'एल-५ चं सॅक्रलायझेशन' लिहिलंय. म्हणजे माझे मणके आता एकामागून एक चिकटत जाणार का? बायको घाबरली आहे. (मीही.)

हाडांच्या_बाई

नाही हो. तुमचा कंबरेचा पाचवा मणका जन्मतःच थोडा त्रिकास्थीच्या कुटुंबातला आहे. त्याचे आडवे बाहू रुंद होऊन तिला किंवा इलियमला टेकतात. उलटाही प्रकार असतो, त्रिकास्थीचा पहिला मणका फुटून वर कंबरेकडे वेगळा राहतो. आमच्या हाडांच्या पेटाऱ्यात दोन्ही होते, आणि मुलांना गोंधळात पाडायला मी मुद्दाम तेच पुढे करायचे. अनेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. काहींना त्या टेकलेल्या जागी दुखतं, ते तुमचे डॉक्टर पाहतील. चिकटत वर सरकायची ही गोष्ट नव्हे. हो, शस्त्रक्रिया व्हायचीच असेल तर मणके मोजताना चूक होऊ शकते म्हणून रिपोर्ट जपून ठेवा.

काठी_नको

टिपरू, मित्रा, तुझा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण हा माझा २००९ सालचा धागा आहे. फक्त ढोलाच्या जागी क्रिकेट.

विचारतो त्याची उत्तरं दे. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते का? सकाळी अंग मोकळं व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो का? आराम केला की वाढतं हे तू लिहिलंच आहेस. कधी एक डोळा लाल होऊन उजेड सहन होत नव्हता असं झालंय? टाच दुखते? घरात कोणी कायमचं वाकलेलं?

मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीच्या कण्याचा सुजेचा संधिवात, ज्यात सांधे हळूहळू जखडत जाऊ शकतात. नाव भीतिदायक, पण आधी कळलं तर पुष्कळ काही हातात असतं. मला कळायला सहा वर्षं लागली. या आजाराची सुरुवात बहुतेकदा बाईंनी सांगितलेल्या याच सांध्यात होते, तरुण वयात, चोरपावलांनी, आणि कुल्ला आलटून पालटून दुखणं ही त्याची जुनी खूण. नेहमीची कंबरदुखी पडून राहिल्यावर शांत होते आणि कामाने वाढते. हिचं उलटं. ढोलाने तुला बरं वाटतं ते उगाच नाही.

आणि तुझा एक्स-रे कंबरेचा होता. हा सांधा तिरका असल्यामुळे साध्या एक्स-रेत त्याच्या कडा एकमेकींवर चढतात, शिवाय सुरुवातीच्या काळात एक्स-रेत काहीच दिसत नाही. हाडाची आतली सूज एमआरआयमध्ये आधी दिसते. तेव्हा एसआय जॉइंटचा एमआरआय लागेल का ते संधिवाततज्ज्ञाला विचार, हाडांच्या दुकानाच्या पायऱ्या पुन्हा चढू नकोस. ते कदाचित एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी करतील, या आजाराशी जोडलेली आनुवंशिक खूण शोधणारी. ती पॉझिटिव्ह आली म्हणून आजार झाला असं नसतं, ती असणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटलास असंही नाही. गोळ्या मनाने चालू ठेवू नकोस.

पाऊलवाट

काठी_नको +१. मला खटकलं ते हेच होतं. आणि तो 'बसवण्याचा' कार्यक्रम निदान होईपर्यंत पूर्ण बंद.

टिपरू

पहाटे जाग येते. साडेतीनला. मला वाटायचं गादीमुळे, म्हणून मी जमिनीवर झोपायला लागलो होतो.

गेल्या दिवाळीत उजवा डोळा लाल झाला होता. 'डोळे आले' म्हणून थेंब घातले, आठवडाभर गॉगल लावून फिरलो, फराळालासुद्धा. दुसरा डोळा आलाच नाही, तेव्हा घरी सगळे हसले होते.

आणि वाकलेले म्हणाल तर आमचे थोरले काका. मागून हाक मारली की मान वळायची नाही, सगळं अंग फिरवून बघायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. शेतात पडल्यामुळे झालं असं घरात सांगतात. आज पहिल्यांदा डोक्यात आलं की पडले होते ते कोणी पाहिलंय?

परवाची वेळ घेतली आहे.

काठी_नको

डोळ्याचं आठवणीने सांग. ते बुबुळाभोवतीची सूज असू शकते, आणि परत झालं तर थेंब-बिंब नाही, त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर.

टिपरू

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

एमआरआय झाला. रिपोर्टातली भाषा बाईंमुळे कळली याचा डॉक्टरांनाही अचंबा वाटला. दोन्ही एसआय जॉइंटमध्ये सूज, उजवीकडे जास्त, आणि मुख्यतः इलियमच्या बाजूच्या हाडात. मी म्हटलं, "तिकडची कूर्चा पातळ असते म्हणून का?" तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तुम्ही मेडिकलचे?" म्हटलं, नाही, ढोलाचे.

औषध सुरू झालंय, महिन्याने परत बोलावलंय. व्यायाम रोज, आणि तो बंद करायचा नाही हे तीनदा सांगितलं. ढोलाचं भीत भीत विचारलं. ते म्हणाले, सोडू नका, पण ढोल हलका घ्या, सलग तासन्‌तास बांधून उभं राहू नका, आणि दुखणं भडकलं असेल त्या आठवड्यात विश्रांती पथकाला द्या, अंगाला नको. मिरवणुकीला मी मधल्या रांगेत असेन, दर अर्ध्या तासाने ढोल उतरवून. आमच्या पथकप्रमुखांना बाईंचा झोपाळा समजावून सांगितला, तर ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या कड्यांना गंज लागलाय." म्हटलं, तसंच काहीसं.

बाई, काकांचे जुने कागद काढले. एक एक्स-रे सापडला, १९९१ चा. मला त्यात तुम्ही सांगितलेली कानाची फट कुठेच दिसली नाही. त्रिकास्थी आणि इलियम म्हणजे एकच पांढरा ढग.

हाडांच्या_बाई

तो एक्स-रे जपून ठेव आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखव. घराण्याचा इतिहास इतका चोख सहसा कोणी नेत नाही. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी उगाच मण्यांच्या गोष्टीत गुंडाळत बसले. तू सांधा किती हलतो म्हणून विचारलंस, आणि तुझ्या बाबतीत चिंता उलटी निघाली, की तो हलायचा थांबू नये.

खवचट_खारीक

सगळं वाचलं, बरं वाटलं. पण वाईच्या मावशींचं काय झालं? आल्या का?

टिपरू

आल्या. आईने तिकीट आधीच काढलं होतं. एमआरआयचा रिपोर्ट मी त्यांना वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आलेच आहे तर लावते हळूच."

खवचट_खारीक

कोणत्या बाजूला?

टिपरू

दोन्ही. रिपोर्टात दोन्ही बाजू आहेत ना.